कपाशीची भूक आणि तहान

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचे देऊळ आहे. पासोडी म्हणजे सुताचे जाड पांघरूण. पूर्वी देवळापाशी पासोड्या विकत. म्हणून देवाला हे नाव पडले, असे सांगतात. पासोडीचे सूत येते कपाशीच्या बोंडातून. बोंड नीट पोसले, तर सूत नीट निघते.

जळगावकडच्या एका भाच्याची गोष्ट ऐका. त्याने विहिरीच्या पाण्यावर कपाशी केली. पीक छातीला लागले; पण बोंडे थोडी. डोक्यावर कर्ज होते. त्याने मामांना बोलावले.

"मामा, युरिया हात सैल सोडून घातला. पाणीही भरपूर दिलं. मग असं कसं झालं?"

मामा म्हणाले, "अरे, लेकराला कुणी महिन्याचं जेवण एकदाच भरवतं का? युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असतं. नत्र कमी पडलं, तर झाड खुरटतं. जास्त झालं, तर झाड नुसतं पाल्यावर जातं. कोवळ्या पाल्यावर मावा, तुडतुडे येतात. बोंडं उशिरा लागतात, अन् थंडीत पोसत नाहीत."

"आणि पाणी?"

"काळ्या जमिनीत पाणी तुंबलं, की मुळांना हवा मिळत नाही. मग खत असूनही झाड उपाशी! लांब ताणानंतर एकदम पाणी सोडलं, तर उभं झाड माना टाकतं. फुलांच्या दिवसांत पाणी तुटलं, तर पाती गळतात."

"धाग्याचं काय होतं?"

"फूल उमलल्यावर सुमारे तीन आठवडे तंतू लांब होतो. तेव्हा फार ताण पडला, तर धागा आखूड. पुढं तंतूला आतून भर येते. ती आली नाही, तर तंतू कच्चा राहतो. त्याच्या गाठी होतात. तो रंगही नीट धरत नाही. मुंबईला माटुंग्यात १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली. तिथं तंतूची लांबी, बळकटी, बारीकपणा मोजतात. लांबी मुळात वाणाची. पण ती पुरी उतरवणं आपल्या हाती."

"आता काय करू, मामा?"

"आता युरिया पुरे. तुंबलेलं पाणी चर काढून बाहेर घाल. पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा ठेव. उशिराचा कच्चा कापूस त्यात मिसळू नकोस. मिसळलास, तर साऱ्याचाच भाव पडेल."

भाच्याने कुदळ उचलली. तो चर काढू लागला.

लक्षात ठेवा
१. आधी माती तपासा, मग खत ठरवा.
२. नत्र एकदम देऊ नका. हप्त्याहप्त्याने द्या.
३. युरिया वाफशावर द्या आणि मातीआड करा. मातीवर उघड्या राहिलेल्या युरियातले नत्र हवेत उडून जाते.
४. पाणी कमी असेल, तर एकाआड एक सरी भिजवा.
५. बोंडे फुटू लागली, की पाणी तोडा.

सांगा पाहू
१. पीक उंच वाढूनही बोंडे थोडी का लागली?
२. दोन पोती युरियात किती नत्र असते?
३. तुमच्या शेताची माती कधी तपासली होती?