वस्तीवरील कुत्र्यासाठी घरचा समतोल आहार

शेताच्या व वस्तीच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. अकलूज, माळीनगर, श्रीपूर या बागायती पट्ट्यात उसाच्या फडाला लागून असलेल्या वस्तीवर रात्रीच्या वेळी कुत्र्याचाच आधार असतो. मेंढपाळांच्या कळपाबरोबरही कुत्रा असतोच. दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात आढळणारे कारवानी, म्हणजेच मुधोळ, तसेच लांब केसांचे पश्मी कुत्रे चपळाईसाठी प्रसिद्ध आहेत. मुधोळ कुत्र्याचे टपाल तिकीट भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढले होते.

गाईला पेंड किती, म्हशीला मका किती याचा हिशोब पशुपालक ठेवतात. कुत्र्याच्या वाट्याला मात्र शिळी भाकरी, उरलेले कालवण व जमल्यास थोडे दूध एवढेच येते. त्यामुळे अंगावरचे केस गळणे, खरूज लवकर बरी न होणे, पिलांचे पाय वाकणे, मादीची पिले दगावणे अशा तक्रारी उद्भवतात. घरातील व शेतातील साध्या पदार्थांतूनच हा आहार सुधारता येतो. मात्र, त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. ही पथ्ये कुत्र्याइतकीच घरातील माणसांच्या आरोग्यासाठीही महत्त्वाची आहेत.

नुसती भाकरी का पुरत नाही?

कुत्रा भाकरी पचवू शकतो, परंतु केवळ भाकरीवर त्याचे पोषण होत नाही. ज्वारी व बाजरीच्या प्रथिनांत लायसीन हा आवश्यक घटक कमी असतो. तो डाळीतून व त्याहून चांगला अंडी आणि मांसातून मिळतो. उलटपक्षी, केवळ मांस देणेही चुकीचे आहे. मांसात स्फुरद भरपूर व कॅल्शियम अत्यल्प असते. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिलाच्या शरीरात कॅल्शियमची ओढ लागते, ते हाडांतून काढले जाते व हाडे ठिसूळ होतात. म्हणून धान्य, डाळ, प्राणिज प्रथिने, तेल, भाजी व कॅल्शियम यांचा मेळ घालावा.

आहाराचे प्रमाण

सुमारे २० किलो वजनाच्या, बेताची हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्यासाठी एका दिवसाचे प्रमाण पुढीलप्रमाणे ठेवावे (वजने कच्च्या पदार्थांची आहेत).

१) ज्वारीच्या कण्या किंवा तांदळाची कणी – १२० ग्रॅम
२) मूग किंवा तूर डाळ – ४० ग्रॅम
३) कोंबडीचे बिनहाडाचे मांस किंवा पेटा – १०० ग्रॅम
४) अंडी – २
५) लाल भोपळा, गाजर किंवा दुधी – १०० ग्रॅम
६) करडई तेल – २ चहाचे चमचे
७) अंड्याच्या कवचाची पूड – अर्धा चहाचा चमचा
८) आयोडीनयुक्त मीठ – चिमूटभर

करडई तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते. त्वचा व केस चांगले राहण्यासाठी ते उपयुक्त ठरते. आठवड्यातून एकदा ५० ग्रॅम मांसाऐवजी तेवढीच कलेजी द्यावी. ती रोज देऊ नये, कारण जीवनसत्त्व ‘अ’ जास्त झाल्यास अपाय होतो.

कुत्र्याचे वजन करण्यासाठी त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे व आलेल्या वजनातून स्वतःचे वजन वजा करावे. वजन दुप्पट म्हणजे आहार दुप्पट, असा हिशोब करू नये. १० किलोच्या कुत्र्याला वरील प्रमाणाच्या सुमारे ६० टक्के, तर ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे एक-तृतीयांशाने अधिक आहार पुरतो.

तयार करण्याची पद्धत

कण्या ४ ते ५ तास भिजत घालाव्यात. नंतर डाळीसह भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवाव्यात. शेवटच्या २० मिनिटांत मांस व भाजीचे बारीक तुकडे घालावेत. अंडी वेगळी उकडून कुस्करून मिसळावीत. कच्चे अंडे देऊ नये. त्याच्या पांढऱ्या भागातील अॅव्हिडीन हा घटक बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू देत नाही. अन्न कोमट झाल्यावर तेल व कवचाची पूड मिसळावी.

पुडीसाठी कवचे स्वच्छ धुऊन ५ ते १० मिनिटे उकळावीत, वाळवावीत, तव्यावर भाजून मिक्सरमध्ये अगदी बारीक करावीत. एका कवचातून सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम मिळते.

हा आहार सकाळी व सायंकाळी विभागून द्यावा. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न लवकर आंबते, म्हणून दोन तासांत न संपलेले अन्न उचलून टाकावे. स्वच्छ पाणी सतत ठेवावे. नवा आहार एकदम सुरू न करता ७ दिवसांत हळूहळू वाढवावा. कारवानी कुत्र्याची छाती खोल असल्याने जेवणानंतर लगेच पळवू नये. पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

मांस न शिजवणाऱ्या घरी मांसाऐवजी एक अंडे व ३० ग्रॅम सोयावड्या द्याव्यात. दूध सर्वच प्रौढ कुत्र्यांना पचत नाही. त्याऐवजी थोडे दही किंवा ताक चालते.

घरच्या आहारातील उणीव

धान्य व डाळीचे प्रमाण जास्त असलेल्या आहारातून जस्त नीट शोषले जात नाही. डोळ्यांभोवती व तोंडाभोवती खपल्या धरणे, पायाचे तळवे जाड होणे ही त्याची लक्षणे आहेत. जीवनसत्त्व ‘ड’ व ‘ई’ यांचीही कमतरता राहू शकते. म्हणून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने कुत्र्यांसाठीचे खनिज व जीवनसत्त्व मिश्रण नियमित द्यावे. गाईंचे खनिज मिश्रण अंदाजाने घालू नये. वाढत्या पिलांना दिवसातून ३ ते ४ वेळा खाऊ घालावे, परंतु त्यांना कॅल्शियम मनाने देऊ नये. ते कमी पडणे जसे वाईट, तसेच जास्त होणेही वाईट. पिले पाजणाऱ्या मादीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट आहार लागतो.

हे पदार्थ कटाक्षाने टाळावेत

कांदा व लसूण : कच्चे, शिजवलेले वा वाळवलेले, कसेही असले तरी ते तांबड्या रक्तपेशी फोडतात. कांदा-लसूण व काळे तिखट घातलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून देण्याची सवय मोडावी.

द्राक्षे व बेदाणे : यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यातील टार्टारिक आम्ल हे कारण असावे, असे अलीकडील संशोधन सांगते. द्राक्षबागेत व बेदाणा शेडवर कुत्रा बांधून ठेवावा.

शिजवलेली हाडे : ती फुटून टोकदार होतात व अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात.

चॉकलेट व बिनसाखरेचे च्युइंगम : दोन्ही विषारी ठरतात.

मेलेल्या कोंबड्या व जनावरांचा वार : यातून रोगजंतू पसरतात. ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.

कच्चे काळीज-फुफ्फुस देऊ नये

बोकड किंवा मेंढा कापल्यावर टाकाऊ काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढे फेकण्याची पद्धत सर्रास आढळते. काही वेळा या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या एकायनोकॉकस या पट्टकृमीच्या असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात व त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ही अंडी भाजीपाला, पाणी किंवा हातावाटे माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुफ्फुसात तशाच गाठी होतात. त्या अनेक वर्षे लक्षात येत नाहीत व पुढे शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलांना हा धोका विशेष असतो.

त्यावर उपाय सोपा आहे. असे अवयव किमान ३० मिनिटे उकळल्याशिवाय कुत्र्याला देऊ नयेत. गाठी असलेले अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत. कुत्र्याला दर ३ महिन्यांनी जंताचे औषध द्यावे व त्यात पट्टकृमीवरील प्राझिक्वांटेल असल्याची पशुवैद्यकांकडून खात्री करून घ्यावी. कुत्र्याला हात लावल्यानंतर साबणाने हात धुवावेत.

आहार लागू पडतो का, हे कसे ओळखावे?

बरगड्या हाताला सहज लागाव्यात. कारवानी कुत्र्याच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसणे हे त्याच्या बांध्याला साजेसेच आहे. मात्र, पाठीचा कणा व कमरेची हाडे वर आल्यास आहार वाढवावा. बरगड्या चाचपून लागत नसतील तर तो कमी करावा. शेण नव्हे, तर बांधीव विष्ठा, चमकदार केस व तरतरीत नजर ही आहार मानवल्याची लक्षणे होत. दर महिन्याला वजन करून नोंद ठेवावी.

वस्तीची राखण करणाऱ्या जनावराचे पोषण दुभत्या जनावराइतक्याच काळजीने करावे. घरचा स्वयंपाक करताना कांदा-लसणाची फोडणी देण्यापूर्वीच कुत्र्याचे अन्न वेगळे काढावे व टाकाऊ मांस नीट उकळावे. एवढ्या दोन सवयी लागल्या तरी कुत्रा व कुटुंब या दोघांचेही आरोग्य राखण्यास मोठी मदत होईल.