आधी घर कोरडं कर, सोनू

सोनू, थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरनहाइटवर नेऊन ठेवलाय असं काल फोनवर म्हणालीस. आणि तरीही अंगाला चिकचिक वाटते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. तो आकडा आधी ७५ वर आण. घर गार करणं आणि घर कोरडं करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ह्यूस्टनमध्ये दुसरं जास्त अवघड आहे. एवढ्या हौसेने घर घेतलंत, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर सांगते. फोनवर मुलं मध्ये मध्ये येतात आणि अर्धंच राहतं.

हवा जितकी उबदार तितकं तिच्यात पाणी जास्त मावतं. ७६ अंशांवर ६० टक्के आर्द्रता असलेली हवा घे. तिच्यातलं पाणी न काढता ती नुसती ६८ वर आणली, तर तीच आर्द्रता ७८ टक्क्यांच्या आसपास जाते. पाणी तेवढंच, जागा कमी झाली. म्हणून तुझं घर गार होतंय आणि ओलही धरतंय. त्यात भिंती, आरसे, एसीच्या जाळ्या इतक्या गार होतात की हवेतलं पाणी त्यांच्यावरच बसायला लागतं. तुझ्या झोपायच्या खोलीतली छताची जाळी स्टुलावर चढून बघ. कडेने बारीक काळे ठिपके दिसतील. बोट फिरवलंस तर काळं लागेल आणि खाली रंग किंचित फुगलेला असेल. धूळ तिथे आधीच असते, थेंब रोज धरतात, बुरशीला आणखी काय लागतं?

आई म्हणते, कोकणात आपण काय कमी ओल बघितली? खरंच आहे. श्रावणात पापड सादळायचे, मिठाला पाणी सुटायचं, पायपुसणं आठवडाभर वाळायचं नाही. पण ते घर उघडं होतं गं. कौलांतून, खिडक्यांतून वारा खेळायचा, आणि मुख्य म्हणजे घराच्या आतलं तापमान बाहेरच्या इतकंच असायचं. इथे आपण घर चहूबाजूंनी बंद करतो आणि बाहेरपेक्षा वीस अंशांनी गार ठेवतो. मग दार उघडलं, फट राहिली, की बाहेरची दमट हवा आत येऊन त्या गार भिंतींना चिकटते. कोकणातला अनुभव इथे लावून चालत नाही, हे आईलाही सांग.

आता तू म्हणशील, एसी पाणी काढतोच ना, बाहेरच्या नळीतून टपटप पडताना दिसतं. काढतो. किंबहुना एसीची सुरुवातच ओल आवरण्यापासून झाली. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यासाठी यंत्रणा आखली. माणसांना गार वाटावं हा तेव्हा हेतूच नव्हता. पण आपल्या घरातला एसी थर्मोस्टॅटचं ऐकतो, आणि थर्मोस्टॅट फक्त तापमान बघतो. ठरलेला आकडा आला की एसी बंद. हवेत पाणी किती उरलं याची चौकशी कुणी करत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये त्यातल्या त्यात निभावतं, कारण एसी तासन्‌तास चालतो. खरी पंचाईत होते ती एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. बाहेर ७५ अंश, पाऊस पडून गेलेला, हवा जड. घरात तापमान आपोआपच बरं असतं, त्यामुळे एसी लागतच नाही आणि आर्द्रता हळूहळू ६५-७० वर जाते. तुमचं घर नवं आहे, भिंतींत चांगलं इन्सुलेशन आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत. त्यामुळे उष्णता कमी येते, एसी आणखीच कमी चालतो. पण माणसं, स्वयंपाक, अंघोळी तेवढ्याच. चांगल्या बांधलेल्या घरात ओलीचा प्रश्न उलट जास्त जाणवतो तो यामुळे.

त्यातून एसी गरजेपेक्षा मोठा असेल तर विचारू नकोस. इथे सर्रास चार टनाच्या जागी पाच टनाचा बसवतात, ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून. मोठा एसी दहा मिनिटांत घर गार करतो आणि थांबतो. कॉइलवर पाणी साचून ते वाहायला लागण्याआधीच काम संपलेलं असतं. आणि एक लहानशी गोष्ट, जी तू आत्ता उठून करू शकतेस: थर्मोस्टॅटवर पंख्याचं बटण ‘ऑन’ असेल तर ‘ऑटो’वर कर. ‘ऑन’वर एसी थांबला तरी पंखा फिरत राहतो, आणि ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा घरात येतं. काढलेलं पाणी परत आणायचं, त्यासाठी विजेचं बिलही भरायचं!

ओल काढणाऱ्या वेगळ्या यंत्राच्या मागे लागण्याआधी मोजमाप कर. दहा-पंधरा डॉलरला आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो. दोन-तीन घे. पण आणल्या आणल्या त्यावर विश्वास ठेवू नकोस, आधी पारखून घे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घे, त्यावर पाण्याचे थेंब टाक. मीठ ओल्या रेतीसारखं झालं पाहिजे, विरघळायला नको. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ओट्यापासून लांब ठेव. मिठाच्या त्या लगद्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणच आहे. सकाळी मीटर ७१ दाखवत असेल तर तो चारने कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर पेनने लिहून ठेव. मग एक झोपायच्या खोलीत, एक कपाटात आणि एक बैठकीत ठेवून दोन आठवडे वहीत आकडे उतर. सकाळी आणि रात्री.

इथली पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सांगते की घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी, शक्यतो ३० ते ५० मध्ये. आपल्या भागात ५० वर राखलंस तरी मी तुला शाबासकी देईन. धुळीतले जे सूक्ष्म किडे गादी-उशांत राहतात ते हवेतलंच पाणी शोषून जगतात. आर्द्रता सतत ५० च्या खाली राहिली तर त्यांना तग धरणं कठीण जातं. छोट्याच्या सकाळच्या शिंका त्यामुळेच आहेत असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरला विचार. पण हे कारण घरातून काढून टाकणं आपल्या हातात आहे.

मोजत असताना ओल येते कुठून तेही शोध. बाथरूमचा पंखा अंघोळीनंतर वीस मिनिटं तरी चालू ठेव, आणि त्याची नळी खरंच घराबाहेर निघते का, की ॲटिकमध्येच सोडून दिली आहे, हे बघून घे. स्वयंपाकघरातल्या चिमणीचंही तेच. इथल्या बऱ्याच चिमण्या वाफ गाळणीतून फिरवून पुन्हा तोंडावरच सोडतात. आपल्या घरात रोज कुकरच्या शिट्ट्या, रविवारी इडल्या, डाळी उकळताहेत. ती सगळी वाफ कुठेतरी जायला हवी ना? कपडे घरात वाळत घालू नकोस. मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांच्यात लिटरभर पाणी सहज असतं. आणि ॲटिकमधल्या डक्टचे सांधे तपासून घे. तिथे गार हवा गळत असेल तर तेवढीच हवा घर बाहेरून, फटीफटींतून आत ओढून घेतं, आणि ती बाहेरची हवा आपल्या ह्यूस्टनची असते!

एवढं करूनही वहीत ६० च्या वरचे आकडे दिसले, तर सबंध घराचा डीह्युमिडिफायर बसवायचा. आमच्याकडे आहे, आणि मी तो मनापासून सुचवते. आत काही जादू नसते. गार कॉइलवरून हवा जाते, पाणी गळतं, मग तीच हवा यंत्राच्या तापलेल्या कॉइलवरून बाहेर येते. म्हणजे बाहेर येणारी हवा कोरडी पण कोमट असते. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटतेच, लिटरमागे पाऊण युनिट विजेच्या जवळपास, आणि वर यंत्राने खाल्लेली वीज. हे आधी माहीत असलं की नंतर ‘हे तर गरम हवा फेकतंय’ म्हणून घाबरायला होत नाही. तेवढं एसीला थोडं जास्त काम पडतं, पण घर कोरडं असलं की ७६ अंशांवरही छान वाटतं. ७० चा हट्टच उरत नाही.

न्यू जर्सीतल्या मैत्रिणी तळघरात चाकांचं यंत्र ठेवतात आणि बादली उपसतात, त्यांचं तेवढ्यावर भागतं. आपल्याकडे तळघरं नाहीत, घरं थेट स्लॅबवर, आणि ओल एका खोलीत नाही, सगळीकडे. म्हणून डक्टला जोडलेलं यंत्र. त्याचा आकार पाइंटमध्ये सांगतात, म्हणजे दिवसाला किती पाइंट पाणी काढेल. एक पाइंट म्हणजे ४७३ मिली. ७० पाइंटचं यंत्र दिवसाला ३३ लिटर काढू शकतं, १०० पाइंटचं ४७. मात्र जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करू नकोस. २०१९ पासून सरकारी चाचणी कमी तापमानावर होते, आणि गार हवेतून पाणी कमी निघतं, म्हणून तेच यंत्र नव्या मोजणीत लहान दिसतं. किती लिटरला किती वीज लागते तो आकडाही बघ. एका युनिटला दोन लिटरपेक्षा जास्त काढणारं घे.

आता बसवण्याचं. इथेच बहुतेक घरांचे पैसे वाया जातात, म्हणून नीट वाच. कंत्राटदाराला सोपं काय पडतं? यंत्र एसीच्या परतीच्या डक्टवर बसवायचं, तिथूनच हवा घ्यायची आणि तिथेच सोडायची. तसं केलं की कोमट, कोरडी हवा एसीच्या कॉइलवर जाते आणि एसी स्वतः जे पाणी काढत होता तेही कमी होतं. दोन यंत्रं एकमेकांचं काम बिघडवत बसतात. घराच्या मध्यावर, पॅसेजच्या छतात, यंत्राची स्वतःची वेगळी जाळी हवी. तिथून हवा घ्यायची आणि कोरडी हवा एसीच्या पुढच्या, म्हणजे पुरवठ्याच्या डक्टमध्ये सोडायची. मध्ये उलटी हवा अडवणारा पडदा हवा. कंत्राटदार कंटाळा करेल, ‘सगळे असंच करतात’ म्हणेल. तू ठाम राहा.

यंत्र ॲटिकमध्ये जाणार, म्हणून दुसरी काळजी पाण्याची. नळीला सारखा उतार हवा, यंत्राखाली पत्र्याचा ट्रे हवा आणि ट्रेमध्ये पाणी चढलं तर यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच हवा. नळी तुंबली आणि स्विच नसला तर ते पाणी थेट तुझ्या छतातून खाली येईल. फिल्टर बदलायला हात पोहोचेल अशी जागाही ठरव. ऑगस्टमध्ये ॲटिक इतकं तापतं की अवघड कोपऱ्यातलं यंत्र कुणीच उघडत नाही.

त्याचा स्वतःचा आर्द्रतेचा स्विच घरात, ॲटिकमध्ये नाही, बैठकीजवळच्या भिंतीवर लावून घे. ५० वर ठेव. हिवाळ्यात उत्तरेची थंड हवा आली की घर आपसूक कोरडं होतं, तेव्हा यंत्र झोपलेलं राहील. ४० च्या खाली ओढू नकोस, आजोबांच्या हार्मोनियमच्या लाकडाला ते मानवत नाही. आणि हो, तबल्याची तक्रार करत होतीस ना, सारखा उतरतो म्हणून? पुडी हवेतली ओल पिते आणि सैल पडते. आमच्याकडे यंत्र आल्यापासून हातोडी क्वचित लागते. पैठण्यांचंही तसंच. जरीला ओल अजिबात सोसत नाही. कपाट भिंतीला चिकटवून, दारं बंद करून ठेवू नकोस, आत हवा फिरू दे.

खर्च सांगते, काही हजार डॉलर. मोठी रक्कम आहे, नाही म्हणत नाही. म्हणूनच दोन आठवड्यांची वही आधी. बाथरूमचा पंखा आणि डक्टचे सांधे एवढ्यानेच आकडा ५५ वर आला, तर ते पैसे राहू देत बँकेत. आणि एसी जुना असून येत्या वर्षा-दोन वर्षांत बदलायचाच असेल तर आधी तो बदला. ‘मॅन्युअल जे’ नावाच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे घराचा हिशोब करून योग्य टनाचा घ्या, कमी-जास्त वेगाने चालणारा मिळाला तर उत्तम. तो हळू हळू बराच वेळ चालतो आणि पाणीही जास्त काढतो. मग यंत्र लहान लागेल, कदाचित लागणारही नाही.

शनिवारी तो कंत्राटदार येणार आहे ना? त्याला दारातूनच भाव सांगू देऊ नकोस, ॲटिकमध्ये चढायला लाव. कोटेशनवर तीन गोष्टी त्याच्याच हाताने लिहून घे: हवा कुठून घेणार, कुठे सोडणार, आणि पाण्याची नळी कुठे निघणार. कागदाचा फोटो मला पाठव. मी वाचून होकार कळवल्याशिवाय सही करू नकोस.