गुणांची यादी ग्रुपवर कशाला?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. वर्गशिक्षिकेने घटक चाचणीच्या गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. नापासांच्या नावांखाली लाल रेघ होती. विचारलं तर ‘बोर्डाचा निकालही जाहीरच होतो’ असं उत्तर मिळालं. आता काय करावं?
– एक पालक, सातारा

उत्तर : बोर्डाचा निकाल जाहीर होतो म्हणजे प्रत्येकाचे गुण चव्हाट्यावर येतात, हा गैरसमज आहे. दहावीचा ऑनलाइन निकाल पाहायलाही बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं.

शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. एका यादीने छळ सिद्ध होईलच असं नाही. पण लाल रेघेवर बोट ठेवायला हा आधार पुरेसा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मात्र शाळांना काही सवलती असल्याने केवळ त्यावर विसंबू नका.

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. यादी ग्रुपवरून काढावी आणि यापुढे गुण प्रगतिपुस्तकातून किंवा ज्याच्या त्याच्या पालकांना स्वतंत्रपणे कळवावेत, एवढंच मागा. दाद न मिळाल्यास पालक-शिक्षक संघ, मग गटशिक्षणाधिकारी.

ग्रुपवर वाद घालू नका. पुरावा म्हणून यादी जोडताना इतर मुलांची नावं झाका. आणि लेकीला सांगा, चूक तिची नाही.