गाडी थरथरते तेव्हा...
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. वेलांट्या चुकल्या तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे! पण हा विषय मला मराठीतच कळला. तो शिकवला गॅरेजमधल्या काकांनी, आणि त्यांचे इंग्लिश पार्ट्सच्या नावांपुरतेच आहे.

2024 ची दिवाळी. पुण्याहून साताऱ्याला चाललो होतो. खंबाटकी घाटात बाबांनी ट्रकला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीचं तोंड डावी-उजवीकडे थरथरायला लागलं. मागे बस हॉर्न मारतेय, आजीचा जप सुरू! बाबांनी पाय उचलला, थरथर बंद. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू.

आमची गाडी जुनी, तीन सिलिंडरची. आजीला डोळ्याच्या इंजेक्शनसाठी दर महिन्याला पुण्याला आणायचं ते याच गाडीतून. याआधी एका गॅरेजमध्ये व्हील बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, प्लग बदलले. तीन हजार गेले आणि थरथर तशीच. बाबा म्हणाले, "विकून टाकू." एजंटने जी किंमत सांगितली त्यात धड स्कूटरही आली नसती.

मी तेव्हा सेकंड इयरला. छाती फुगवून सांगितलं, "बाबा, इंजिन मिसिंग मारतंय." हे चूक होतं. पण का चूक, ते बघण्यासारखं आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. 2400 आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला 1200 वेळा, म्हणजे सेकंदाला 20 वेळा. तो नीट पेटला नाही तर सेकंदाला 20 धक्के. आता चाक बघा. आमच्या टायरचा घेर साधारण 1.77 मीटर. ताशी 50 किमीला चाक सेकंदाला जवळजवळ 8 फेऱ्या मारतं. बॅलन्सिंग बिघडलं असेल तर सेकंदाला 8 धक्के, आणि ते पाय उचलल्यावरही चालूच राहतात. आमचे थांबत होते. म्हणजे बॅलन्सिंगचे पैसे पाण्यात! ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरलं असतं तर डिस्क बघितली असती. तेही नव्हतं.

उरलं काय? पुढच्या चाकांना फिरवणारा एक्सल. पुढून ओढणाऱ्या गाडीत (आपल्याकडे अशा गाड्या घरोघरी पोचल्या त्या 1983 च्या मारुती 800 पासून) प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात. चाकाकडचा बाहेरचा जॉइंट झिजला की वळताना कट-कट आवाज करतो. गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटमध्ये बऱ्याच गाड्यांत ट्रायपॉड असतो : तीन रोलर, तीन खाचांत पुढे-मागे सरकणारे. खाच झिजली की प्रत्येक फेरीत हे तिघं एकेकदा अडखळतात आणि एक्सलला आडवा ढकलतात. 8 गुणिले 3, सेकंदाला 24. ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं नाक वर उचलतं, जॉइंटचा कोन वाढतो, वर जोरही येतो, म्हणून थरथर तेव्हाच.

आता 20 आणि 24 हा फरक हाताला कळतो का? नाही कळत. इथेच मी फसले होते. काकांनी विचारलं, "ताई, गिअर बदलून बघितलं का?" नव्हतं बघितलं. थर्ड इयरच्या व्हायब्रेशनच्या पुस्तकात जे आहे ते या माणसाला पुस्तकाशिवाय माहीत!

मोकळ्या रस्त्यावर बाबा चालवत होते, मी वहीत लिहीत होते. थर्डमध्ये थरथर 45 ला सुरू. फोर्थमध्ये इंजिन बरंच हळू फिरत होतं, तरी सुरू 45 लाच, फक्त जरा कमी. इंजिनचा दोष असता तर तो आरपीएमबरोबर हलला असता. हा रस्त्याच्या स्पीडला चिकटून बसला होता.

मग गाडी वर घेतली. (नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही शिरू नका, प्लीज. खाली घोडी लावा.) डाव्या एक्सलचा आतला रबरी बूट फाटलेला, आजूबाजूला ग्रीस उडालेलं. एक्सल हाताने वर-खाली केला तर खडखड. इंजिनची माउंटिंग पण बघितली, कारण तीही जोर लावल्यावरच बोलतात. ती ठीक होती.

हब नट चाक जमिनीवर असतानाच सैल केला, गिअर ऑइल काढलं, खालचा बॉल जॉइंट सोडवून एक्सल ओढला. सर्क्लिप काढल्यावर ट्रायपॉड हातात आला. खाचेवरून नख फिरवलं तर अडकत होतं. मी म्हटलं, नवं ग्रीस भरून बूट बदलला तर? काका हसले. झिजलेलं लोखंड ग्रीसने भरून येत नाही. आतला जॉइंट पूर्ण नवा घातला, नवा बूट, नवा हब नट. तो काका हाताच्या अंदाजाने आवळणार होते, मी टॉर्क रेंच मागून आणायला लावला. तेवढा एक मुद्दा मी जिंकले!

पुढच्या महिन्यात आजीला सोडायला साताऱ्याला निघालो. त्याच घाटात बाबांनी मुद्दाम थर्ड टाकला आणि पाय दाबला. काही नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण साताऱ्यात पोचल्यावर एजंटला फोन करून नको म्हणाले.

उजव्या बाजूच्या बूटाची क्लिप सैल झालीय. ती या सुट्टीत बदलायची आहे.