देवमासा आणि आपण

मंडळी, व्हेलला मराठीत आपण देवमासा म्हणतो. खरं तर तो मासा नव्हे; श्वास घ्यायला पाण्यावर येणारा, पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी. पण नावात देव आहे. न्यूझीलंडला आल्यावर आम्हांला कळलं, की इथल्या माओरी लोकांच्या लेखी तो घरचाच आहे.

गिस्बर्नजवळच्या फांगारा गावचे लोक सांगतात, की त्यांचा पूर्वज पाइकेआ देवमाशाच्या पाठीवर बसून किनाऱ्याला लागला. त्यांच्या सभागृहाच्या शिखरावर हेच कोरलेलं आहे. विटी इहिमाएरा यांच्या कादंबरीवरचा 'व्हेल रायडर' (२००२) हा सिनेमा इथेच चित्रित झाला.

किनाऱ्याला लागून मेलेला देवमासा ही समुद्रदेव टांगारोआची देणगी. आधी कराकिया, म्हणजे प्रार्थना. मग हाडं आणि दात काढून त्यांचं कोरीवकाम. जुलै २०२४ मध्ये ओटागोच्या किनाऱ्यावर जगातला अतिदुर्मीळ स्पेड-टूथ्ड व्हेल सापडला. त्याचं शवविच्छेदन शास्त्रज्ञ आणि स्थानिक माओरी यांनी मिळून केलं. विज्ञान आणि परंपरा एकाच टेबलाशी!

याच देशात १९६४ पर्यंत व्हेलची शिकार चालू होती. १९७८ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं. पुढे १९८७ साली काइकोराच्या काही माओरी कुटुंबांनी घरं गहाण ठेवून पर्यटकांना व्हेल दाखवायचा व्यवसाय सुरू केला. बेकारीने गांजलेलं गाव जिवंत व्हेलवर उभं राहिलं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये फेअरवेल स्पिटला ४०० हून अधिक पायलट व्हेल वाळूत अडकले, तेव्हा शेकडो स्वयंसेवक पाण्यात उतरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या गणपतीपुळ्यालाही अडकलेल्या पिलासाठी गावकरी असेच झटले. पण ते वाचलं नाही. माया दोन्हीकडे सारखीच. इथे जोडीला तयारी आहे: 'प्रोजेक्ट जोना' ही १९७४ पासूनची संस्था स्वयंसेवकांना एका दिवसाचं प्रशिक्षण देते.

असा व्हेल दिसला तर आधी संवर्धन खात्याला ०८०० ३६२ ४६८ वर कळवावं. शेपटीपासून लांब राहावं, एकट्याने ढकलू नये. तज्ज्ञांच्या सूचनेप्रमाणे ओल्या चादरीने अंग गार ठेवावं. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र झाकू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये.

देणगीदारांना वेगळं काय सांगावं? पैशाची मदत आपण करतोच. या उन्हाळ्यात मंडळातल्या चार-सहा जणांनी हे प्रशिक्षणही घ्यावं, अशी आमची विनंती आहे. ज्या किनाऱ्यावर आपली मुलं खेळतात, त्याचं थोडं देणं आपल्याकडेही लागतं.