छोट्या केबिनसाठी फायरप्लेस इन्सर्ट घेताय? आधी हे चार हिशोब करा



मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा मनालीजवळून फोन आला. पुण्यातली नोकरी सोडून त्याने तिथे एक छोटी केबिन तीन वर्षांच्या लीजवर घेतली आहे, पर्यटकांना भाड्याने द्यायला. आत जुनी दगडी फायरप्लेस आहे. म्हणाला, "सर, 12 किलोवॉटचा इन्सर्ट सवलतीत मिळतोय. थंडी खूप असते, मोठाच घेऊ ना?"

मी म्हटलं, "थांब. ॲडव्हान्स देऊ नकोस. आधी टेप घे आणि खोली मोज."

हा मोह मला चांगला माहीत आहे. दुकान सुरू केलं तेव्हा मीही "पुढे लागेलच" म्हणून मोठा डीप फ्रीजर घेतला होता. दोन वर्षं तो अर्धा रिकामा चालला, वीजबिल मात्र पूर्ण भरलं. चला तर मग, त्या मुलाला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

1. इन्सर्ट लागतोच का?

इन्सर्ट म्हणजे जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी, काचेच्या दाराची लोखंडी पेटी. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाची बहुतेक उष्णता चिमणीतून वर निघून जाते. साधारण 10 ते 15 टक्केच खोलीला मिळते. चांगला इन्सर्ट 70 टक्क्यांच्या आसपास देतो. पण फायरप्लेसच नसेल तर इन्सर्टचा उपयोग नाही. तिथे सुटी उभी बुखारी घ्या. लीज संपली की ती उचलून नेता येते.

2. माप किती?

लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजा आणि गुणाकार करा. भिंती जाड आणि फटी बुजवलेल्या असतील तर उत्तराला 14 ने भागा. भिंती पातळ, वारा आत येणारा असेल तर 10 ने. येतील तेवढे किलोवॉट. हा ढोबळ अंदाज आहे, पण सुरुवातीला पुरतो.

या मुलाची खोली 12 बाय 15 फूट, उंची 9 फूट. म्हणजे साधारण 46 घनमीटर. भिंती पातळ. 46 भागिले 10, म्हणजे 4.6. त्याला 5 किलोवॉट बास झालं!

मग 12 चा घेतला तर काय बिघडतं? अर्ध्या तासात खोली तापते. पाहुणा वैतागून हवेची झडप बंद करतो. लाकूड जळायच्या ऐवजी धुमसत राहतं. काच काळी होते आणि चिमणीत डांबरासारखा थर साचतो. तो पेटला तर चिमणीला आग लागते, आणि केबिन लाकडी असेल तर पुढचं सांगायला नको.

3. रोजचा खर्च किती?

चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण 4 युनिट उष्णता असते. 5 किलोवॉटची ऊब 6 तास हवी, म्हणजे 30 युनिट. इन्सर्टला त्यासाठी साधारण 11 किलो लाकूड लागेल, उघड्या फायरप्लेसला 50 किलो.

समजा लाकूड 10 रुपये किलो. एका रात्रीला 110 विरुद्ध 500 रुपये. हंगामात 90 रात्री बुकिंग धरलं तर फरक 35,100 रुपयांचा! इन्सर्टचे पैसे किती दिवसांत सुटतील ते यावरून काढा. तुमच्या गावचा दर मात्र स्वतः विचारा.

ओलं लाकूड स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ताज्या लाकडात जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असतं, म्हणजे पाण्याचेच पैसे देताय. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. आणि लाकूड पावतीवरच घ्या.

4. पेटीशिवायचा खर्च

इथेच नवा उद्योजक फसतो. कोटेशन मागताना या गोष्टी वेगळ्या लिहून घ्या:

- चिमणीत घालायचा स्टेनलेस स्टीलचा लायनर, फिटिंगसकट.
- दरवर्षी हंगामाआधी चिमणीची सफाई.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. खोलीत बाहेरची हवा येणारी जाळी ठेवा आणि ती कुणी बुजवू नये म्हणून सूचना लावा.
- राखेसाठी झाकणाचा लोखंडी डबा. राखेत निखारे दिवसभरानंतरही जिवंत राहतात.

आणि लीजच्या करारात लिहून घ्या, मुदत संपल्यावर इन्सर्ट आणि लायनर कुणाचा? तोंडी "बघू नंतर" चालणार नाही.

त्या मुलाने 5 किलोवॉटचा इन्सर्ट ठरवलाय. वाचलेल्या पैशातून लायनर आणि अलार्म घेतोय. पाहुण्याला तुमची पेटी किती मोठी हे दिसत नाही. त्याला रात्री ऊब हवी असते आणि सकाळी सुखरूप उठायचं असतं. आपला धंदा त्यावरच चालतो.

गृहपाठ: तुमच्या धंद्यासाठी जे मशीन घ्यायचं ठरवलंय, मग ते ओव्हन असो, फ्रीजर असो की गिरणी, त्याचं खरं लागणारं माप, रोजचा खर्च आणि किमतीबाहेरचे खर्च एका कागदावर लिहा. हिशोब पूर्ण झाल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!