आश्विन संपेपर्यंत तरी

नाशिक,
सर्वपित्री अमावास्या

चि. भाचीस,


तुझं पत्र परवा मिळालं. दोन पानं पुण्याची आणि चार ओळी सुरगाण्याच्या. विसर्जन मिरवणुकीनंतर मोकळा पडलेला लक्ष्मी रोड, पावसाने धुऊन काढलेली पर्वतीवरची सकाळ, सदाशिव पेठेतल्या बोळांतलं कोवळं ऊन, हे सगळं तू इतक्या मायेने लिहिलंयस की मलाही पुण्याला जावंसं वाटलं. सुरगाण्याबद्दल मात्र एवढंच, की पाऊस हटत नव्हता, फोन लागत नाही, सात वाजता गाव झोपतं आणि बदलीचा अर्ज कधी करता येतो.

अर्ज जरूर कर. तो तुझा हक्क आहे आणि मी त्याच्या आड येणार नाही. पण आश्विन संपेपर्यंत तो लिहायला घेऊ नकोस. एका शहरावर ज्याला असा जीव लावता येतो त्याला दुसऱ्या गावावरही लावता येतो, असा माझा विश्वास आहे. फक्त त्या गावाला त्याच्या चांगल्या दिवसांत भेटावं लागतं, आणि सुरगाण्याचे ते दिवस आता सुरू होतायत.

तू जूनमध्ये शाळेवर रुजू झालीस. म्हणजे तू फक्त पाऊस पाहिलास. पावसात तिथलं माणूस नव्या माणसाशी बोलायला मोकळं नसतं. भाताच्या आवणीत कंबर वाकलेली, घरात चूल धुमसतेय, डोंगर ढगात. आणि दिवाळी झाली की निम्मा पाडा रिकामा होतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत जे हात दिसतात त्यांतले कितीतरी पेठ-सुरगाण्याचे. काही टोळ्या आत्ताच गोडी छाटणीला गेल्याही असतील, पण भात कापायला त्या परत येतील. घरातली माणसं घरात, धान्य शेतात, ओहोळाला पाणी आणि वर निरभ्र आभाळ, असं सगळं एका वेळी जमून येतं ते फक्त या चार-पाच आठवड्यांत. नोकरीची बरीच वर्षं मी सुरगाणा तालुक्यात काढली. तिथे शिक्षक आले आणि गेले ते मी पाहिले. जे आश्विनात शनिवारी दुपारी पहिल्या एसटीने नाशिक गाठत, त्यांना तो तालुका कधीच कळला नाही. तू हे शनिवार-रविवार तिथेच काढ.

काय पाहायचं, असं विचारशील. एक शेत पाहा. तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरचं. हळवं भात आता पिवळं पडलं असेल, ते आधी कापतात. गरवं मागून येतं. कापणीला जा, विळा हातात घे, पहिल्या तासाला बोट सांभाळ. मग भारे खळ्यावर कसे येतात, झोडणी कशी होते, कणगीत धान्य पडताना घरातली म्हातारी काय करते, हे क्रमाने पाहा. खाचरातलं भात झालं की वर उतारावर जा, तिथे नागली आणि वरई असेल. खुरासणी फुलली की अख्खी उतरण पिवळी होते आणि जवळ गेलीस तर मधमाश्यांचा आवाज आधी कानावर येतो. हे रस्त्यावरून, जीपच्या खिडकीतून बघून काही कळत नाही. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय घरात कुणी खात नाही. त्या दिवशी बोलावलं तर जा, आणि ताटात नागलीची भाकरी आली तर पोटभर खा. कौतुक करण्यापेक्षा दुसरी भाकरी मागितलेली त्यांना जास्त आवडते.

फोटो आधी विचारून काढ. लहान मुलांचे तर आईला विचारल्याशिवाय काढूच नकोस.

शाळेचं थोडं सांगतो, कारण तुला हजेरीची चिंता लागेल. या दिवसांत पटावरची मुलं कमी दिसतील. कुणी पाखरं हाकायला, कुणी धाकट्या भावाला सांभाळायला, कुणी गुरांमागे. त्यांच्यावर रागावू नकोस. संध्याकाळी पाड्यावर चक्कर मार आणि राहिलेला धडा ओसरीवर बसून घे. याच फेऱ्यांत आईबापांशी ओळख वाढव. कारण खरी लढाई दिवाळीनंतर आहे. बागेवर जाताना मुलाला सोबत न्यायचं की आजीपाशी ठेवायचं, हे घरातली माणसं जाण्याच्या आदल्या चार दिवसांत ठरवतात. त्या वेळी अनोळखी बाईने येऊन सांगितलेलं कुणी ऐकत नाही. ज्या बाईने आपल्या खळ्यावर भारे उचलले, तिचं ऐकतात. तुझ्यामुळे पाच मुलं जरी मागे राहिली तरी ते वर्ष सार्थकी लागलं समज.

आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे वसुबारस, गाय-वासराची पूजा. तिथे तीच तिथी वाघाची. गावाच्या शिवेवर वाघदेव असतो, लाकडावर किंवा दगडावर वाघ, सूर्य, चंद्र, नाग कोरलेले, शेंदूर फासलेला. गुराखी पोरं घरोघर फिरून धान्य गोळा करतात, रानात चूल मांडतात आणि वाघदेवाला नैवेद्य देऊन जेवतात. गुरं वर्षभर ज्याच्या रानात चरतात त्याची आधी आठवण काढायची. या पूजेत गुराखी मुलं पुढे असतात, म्हणून शिक्षकाने ती नक्की पाहावी. वर्गात गप्प बसणारा मुलगा तिथे कसा पुढाकार घेतो ते बघ. पुन्हा वर्गात त्याला तू वेगळ्या नजरेने पाहशील.

एक दिवस हातगडावर जा. बोरगावहून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागलीस की हातगड गाव येतं. पहाटे निघ, कारण दहा वाजल्यानंतर ऑक्टोबरचं ऊन फार चटके देतं. पाऊस जाऊन धूळ उडायच्या आतले हे दिवस, नजर दूरवर पोचते. एका अंगाला सापुताऱ्याची वस्ती आणि डांगचं रान, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचे सुळके. गडाच्या दरवाज्याजवळ देवनागरी शिलालेख आहे. बागलाणच्या बागुल राजा भैरवसेनाने हा गड बुऱ्हाण निजामशहाकडून घेतला, त्याची ती नोंद. खाली उतरलीस की हातगड-घोडांबे भागात स्ट्रॉबेरीची लावण चाललेली दिसेल, महाबळेश्वरकडून आलेली रोपं, गादीवाफे, त्यावर मल्चिंग पेपर. फळ थंडीत येईल. ज्याला थोडं पाणी मिळालं तो शेतकरी स्थलांतर कसं टाळतो, हे तिथे उभं राहून विचार. मला वाटतं त्या तालुक्यातली सगळ्यात आशेची गोष्ट ती आहे.

आणि पाणी. सुरगाणा सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतो. नार, पार आणि अंबिका या नद्या याच भागात उगम पावतात आणि त्यांचं पाणी गुजरातमधून समुद्राला जातं. इतका पाऊस पडून मार्च-एप्रिलमध्ये बायका हंड्यासाठी दरीत उतरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 2024 मध्ये नार-पार-गिरणा जोड प्रकल्पाला राज्याची मंजुरी मिळाली, म्हणजे या पाण्याचा हिशोब आता दूरच्या तालुक्यांसाठीही होतोय. तू ज्या भिवतास धबधब्याचं चित्र मला पाठवलंस ते छान आहे, पण त्या धबधब्याजवळच्या गावाची विहीर कुठे आहे आणि होळीला तिच्यात किती पाणी असतं, हेही विचारून ठेव. गावावर प्रेम करायचं तर त्याची सुंदर बाजू तेवढी आपली आणि अडचण सरकारची, असं मला मान्य नाही.

तिथली माणसं तुला शांत वाटतील. त्या शांतपणावरून त्यांना काही म्हणायचं नाही असं समजू नकोस. वनहक्क कायदा 2006 चा, तरी कसत असलेल्या वनजमिनी नावावर व्हाव्यात म्हणून याच तालुक्यातली माणसं 6 मार्च 2018 ला नाशिकहून चालत निघाली आणि 12 मार्चला आझाद मैदानावर पोचली. मुंबईत दहावीची परीक्षा चालू होती. मुलांना त्रास नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीतून चालून काढला. पाय फुटलेले होते, तरीही. तुझ्या पाड्यात त्यातलं कुणीतरी नक्की आहे. शोध आणि शेजारी बसून ऐक. डिसेंबर 2022 मध्ये सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हणून मागणी केली, ती बातमी तू वाचली असशील. रस्ता, दवाखाना, पाणी एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते ऐकून मला वाईट वाटलं, राग आला नाही.

पुण्यावरचं प्रेम कमी करू नकोस. पुण्याने तुला वाचायला शिकवलं, गर्दीत एकटं फिरायला शिकवलं. सुरगाण्यात नाट्यगृह नाही, पुस्तकांचं मोठं दुकान नाही, आणि त्याची उणीव तुला भासेल. ते खरंच आहे, त्यावर उतारा माझ्याकडे नाही. पुस्तकं मी पाठवत जाईन. सुरगाणा हे देशमुखांचं छोटं संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, आज नगरपंचायत आहे, तरी बाजारपेठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला फार वेळ लागत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र हळू चाल. पाड्यापाड्यांतून बायका उतरतात, टोपलीत रानभाज्या, उडीद, वाळवलेली मासळी. भाव करताना कोकणा बोली कानावर पडेल. दहा शब्द शीक. मुलांकडूनच शीक, त्यांना बाईंना शिकवायला फार आवडतं.

आता कामाचं. उद्या घट बसतील, वणीच्या रस्त्याला देवीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी होईल, तेव्हा कोजागिरीपर्यंत नाशिकला येण्याचा विचार असेल तर एसटीला जास्तीचे दोन तास धर. दिवाळीला वाघबारस उरकूनच निघ, तुझ्या आईला मी समजावतो. येताना पाच किलो नागली आण, नव्या खळ्यावरची, ज्या घरी कापणीला गेलीस त्याच घरची, आणि बाजारभावापेक्षा कमी देऊ नकोस. अर्जाचं तेव्हा समोरासमोर बोलू. तोवर भाताचं कुठवर आलं ते कळव.

तुझा,
मामा